फुंकणी कोण घेणार

माझं काम खोट काढण्याचं. भट्टीवर फुंकलेली काचेची मोठाली भांडी थंड होऊन माझ्या टेबलावर येतात. मी ती दिव्यासमोर धरून फिरवते आणि कुठे बुडबुडा, कुठे रेघ, कुठे एका अंगाला काच जाड दिसली की मेणखडूनं फुली मारते. फुली पडली की भांडं फोडून परत भट्टीत. म्हणून भट्टीवरचे लोक मला फुलीबाई म्हणतात. म्हणोत बापडे. कुणाकुणाच्या तोंडाला हात लावत बसणार?

आमचे हे त्याच भट्टीवर फुंकणारे. तिथे त्यांना सगळे भाता म्हणायचे, कारण त्यांच्याइतका लांब दम कारखान्यात कुणाचाच नव्हता. लहान भांडी आता यंत्र करतं. पण औषधांच्या कारखान्यांना लागणारे मोठे गोल चंबू, ज्यात एखादं पोर मांडी घालून बसेल असे, ते यंत्राला अजून जमत नाहीत. ते माणसंच करतात, आणि तेही जोडीनं. लांब लोखंडी फुंकणीच्या एका टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि फुंकणी सतत फिरवत राहायची. एकाच्या दमात एवढा चंबू होत नाही. पहिल्याचा दम सरला की तो तोंड बाजूला घेतो आणि दुसरा त्याच क्षणी तिथेच तोंड लावतो. पुसायबिसायला सवड नसते. जरासा खंड पडला तरी काच एका बाजूला लोंबते आणि मग मला फुली मारावी लागते.

यांचा जोडीदार म्हणजे यांचा सख्खा धाकटा भाऊ. भाऊजींना भट्टीवर यांनीच आणलं, यांनीच शिकवलं. आमच्याकडे नवा माणूस जोडीत घ्यायचा तर जुना माणूस स्वतःच्या तोंडची फुंकणी त्याच्या तोंडात देतो, हीच रीत. यांनी भाऊजींना दिली तेव्हा भाऊजींना मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या दोघांचे चंबू मी डोळे झाकून पुढे सरकवायचे. एकाचं तोंड कधी निघालं आणि दुसऱ्याचं कधी लागलं, हे काचेला कळायचंच नाही.

मग यांना क्षय झाला.

फार लांबण लावत नाही. खोकला, ताप, अंगावरचं मांस उतरणं, हे सगळं झालं. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, पहिले काही आठवडे वेगळं झोपायला सांगितलं. मुलीची आणि माझी तपासणी झाली, आम्ही दोघी ठणठणीत निघालो. यांनी एक गोळी चुकवली नाही. शेवटी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, मी जसा चंबू धरते तसाच, आणि म्हणाले, "झालं. रोग गेला. आता तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही. खुशाल कामावर जा." तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. मला रडूच फुटलं. हे मात्र नुसते कागदाकडे बघत बसले.

कामावर गेले तर भट्टीच्या दारातच मुकादम उभा. हा मुकादम म्हणजे तोंडात साखर ठेवूनच जन्मलेला. "या भातेराव, या," म्हणाला. "तब्येत काय झकास झालीय! पण अडचण अशी आहे की तुमचा भाऊ मधल्या काळात दुसऱ्याबरोबर जोडीला लागला. आता तुमच्या जोडीला कोण द्यायचा?" आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "बोला रे, भात्याची फुंकणी कोण घेणार?"

एकजण बुटाकडे बघायला लागला, एकाला अचानक भट्टीची आच कमी वाटायला लागली. भाऊजी पाठमोरे होते. ते वळलेच नाहीत. पलीकडून कुणीतरी हलकेच म्हणालं, "फाटका भाता." दोघे-तिघे हसले. हे सगळं मी माझ्या टेबलावरून पाहिलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला चंबू खाली ठेवणंच बरं वाटलं.

यांना मागच्या अंगणात बांधणीला पाठवलं. तिथे आम्ही पास केलेली भांडी पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरतात. कामात काही कमीपणा नाही, मी तसं म्हणतही नाही. पण ज्या माणसानं आयुष्यभर चंबू फुंकले त्यानं दुसऱ्यांनी फुंकलेल्या चंबूंना पेंढा लावायचा! आणि मुकादमानं सांगून टाकलं की हंगाम संपेपर्यंत जोडीदार मिळाला नाही तर भट्टीवरची जागा कायमची दुसऱ्याला. म्हणजे कुणालाच काढायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, नुसतं वाट बघत बसायचं. कारखान्यानं हात झटकले आणि वर ते स्वच्छही राहिले.

"तक्रार करू," मी म्हटलं.

"कुणाची?" हे म्हणाले.

"सगळ्यांची."

"सगळ्यांची तक्रार घेतात होय कुठे?"

त्यात यांचं बरोबर निघालं. साहेबांकडे गेलो तर साहेब म्हणाले, कारखान्याचा भेदभाव कुठे आहे? आम्ही कुणाला मनाई केली? जोडीदार तयार नसेल तर आम्ही काय त्याच्या तोंडात कोंबू? मग मी यांना घेऊन सरकारी कचेरीत गेले. अशा तक्रारींसाठी तिथे एक वेगळा विभाग आहे, भिंतीवर हसऱ्या माणसांचं चित्र आहे, आजारी माणसाला कमी लेखू नका असं ठळक लिहिलेलं आहे. त्या चित्राखाली बसलेल्या कारकुनानं आजाराचं नाव ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली. आमचा कागद त्यानं पट्टीच्या टोकानं ओढून घेतला. मला हसूच आलं. मी म्हटलं, "अहो, तुमचीही तक्रार इथेच देऊन टाकू का?" यांनी माझा दंड दाबला.

कागदावर लिहायचं होतं, तक्रार कुणाविरुद्ध. कारखान्याविरुद्ध असं लिहिलं तर कारकून म्हणाला, कारखान्यानं काय केलं ते सांगा. नकार दिला तो कुणी? नाव लागेल. हे म्हणाले, जाऊ दे, चल घरी. मी म्हटलं, नाही. मी भाऊजींचं नाव लिहिलं. यांच्यासमोर लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि यांनी सही केली. पेन ठेवताना म्हणाले, "आईनं याला माझ्या मांडीवर ठेवला होता गं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला वाटत होतं, निकाल लागला की सगळं सुरळीत होईल. निकाल म्हणजे औषधच वाटत होतं मला.

आम्ही खाली राहतो, भाऊजी आणि जाऊबाई वरच्या मजल्यावर. चौकशीचं पत्र त्यांना मिळालं त्या दिवसापासून जिन्याचं दार आतून बंद. जाऊबाई समोर आली तरी मान फिरवून जायची. मुलगी विचारायची, काकू रागावलीय का? मी म्हणायचे, काकूची मान अवघडलीय.

आणि यांचं काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डॉक्टरांनी मोकळं केलं तरी हे मोकळे झालेच नाहीत. मागच्या खोलीतच झोपायचे. हसू आलं तरी तोंड फिरवून हसायचे. मुलगी गळ्यात पडायला आली की तिला धरून उलटी वळवायचे आणि पाठीवरून हात फिरवायचे. मी भांडले, समजावलं, एकदा तर त्यांच्या हातातला अर्धा प्यालेला चहा हिसकावून घटाघट पिऊन टाकला. ते पांढरेफटक पडले. पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे चोरून बघत होते, मला खोकला येतो का ते.

कचेरीनं चौकशीला पाठवलेल्या बाई, आमच्या चौकशीबाई, कारखान्यात आल्या तेव्हा मला धीर आला. बाई चांगल्या होत्या. वेळ मारून न्यायला आलेल्या नव्हत्या. साहेबांच्या खोलीत बसल्या, यांच्याशी हात मिळवला, शेजारची खुर्ची दिली आणि डॉक्टरांचा कागद मोठ्यानं वाचला. मग भाऊजींना विचारलं, "तुम्ही नकार का दिलात?"

भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते, यांच्याकडेही नाही. म्हणाले, "दादा स्वतःच घरात कुणाला जवळ येऊ देत नाही. पोरीलासुद्धा. मग मी काय समजायचं?"

"ती त्यांची काळजी आहे!" मी म्हटलं.

"वहिनी, मी पण तेच म्हणतोय."

चौकशीबाई यांच्याकडे वळल्या. "हे खरं आहे?"

"मुलगी लहान आहे," हे म्हणाले.

"पण डॉक्टर म्हणतात तुम्ही पूर्ण बरे आहात. तुम्हाला काय वाटतं?"

यांनी डॉक्टरांच्या कागदाकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, नुसतं हो म्हणा. ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात म्हणजे झालोच असेन."

बाईंनी ते लिहून घेतलं. मुकादमानं कपाळावरचा घाम पुसल्यासारखं करून हसू लपवलं.

"अजून काही सांगायचंय?" बाईंनी भाऊजींना विचारलं.

भाऊजी म्हणाले, "घरात बाळ येणार आहे. हिला दिवस गेलेत. मी इथून जे तोंड घेऊन जाणार ते तिच्याकडेच नेणार ना?"

मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. एका घरात, आमच्याच डोक्यावर, मूल येऊ घातलेलं आणि खाली आम्हाला पत्ता नाही! जाऊबाई मान फिरवून जात होती तेव्हा बहुधा ती पोटच लपवत होती. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला होता. त्या सगळ्या भांडणात, साहेबांच्या खोलीत, ते भाऊजींना म्हणाले, "खरंच? कधी?" आणि भाऊजींनी मान खाली घालून, हलकंसं हसून बोटांनी दाखवलं. क्षणभर दोघे भाऊ पूर्वीसारखे दिसले.

पण चौकशी ती चौकशीच. बाईंनी दोघांनाही समजावलं, शांतपणे, आवाज न चढवता. हा रोग फुंकणीनं असा लागत नाही, आणि यांच्यात आता तो उरलेलाही नाही. बाळाला काही धोका नाही, हवं तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि हेही सांगितलं की यानंतरही नकार राहिला तर तो भेदभाव ठरेल, त्याचे परिणाम होतील. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मी घेतो."

"आत्ता?" मुकादम म्हणाला.

"आत्ताच घेतो. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

सगळे भट्टीवर आलो. हातातलं काम टाकून लोक जमले, तमाशाला जमतात तसेच. यांनी सदरा काढून ठेवला. बरगड्या अजून दिसत होत्या. पण फुंकणी हातात घेतली आणि मला माझा जुना नवरा दिसला. गोळा उचलला, फुंकणी फिरवायला लागले, तोंड लावलं. इतक्या दिवसांनंतर काच यांच्या श्वासानं फुगायला लागली. गोल, सारखी, कुठे रेघ नाही, कुठे जाड नाही. मी टेबलाशी नव्हते तरी माझे डोळे सवयीनं खोट शोधत होते आणि सापडत नव्हती. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या चौकशीबाईंचा हात धरला. त्यांनीही धरू दिला.

मग दम सरत आला. भाऊजी पुढे आले, यांच्या गालाजवळ गाल आणला. आणि त्यांनी डोळे मिटले. घट्ट. कडू औषध घेताना पोरं मिटतात तसे. ओठ पुढे केले आणि वाट बघत राहिले.

यांनी ते पाहिलं. फुंकणी फिरत होती, तोंड फुंकणीलाच होतं, आणि डोळे भावाच्या मिटलेल्या डोळ्यांवर. आता मान बाजूला घ्यायची होती, एवढंच. हजार वेळा घेतलेली मान. ती त्यांनी घेतली नाही. खांदा मध्ये घातला, भाऊजींकडे पाठ केली आणि पुन्हा फुंकायला लागले.

"दादा, दे," भाऊजी डोळे उघडून म्हणाले. "दे ना. मी तयार आहे."

हे ऐकत नव्हते. छातीत काही उरलं नव्हतं तरी फुंकत होते. मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा जांभळा झाला. "भाता, सोड," कुणीतरी ओरडलं. "दादा, सोड ती, मी घेतो," भाऊजी रडकुंडीला येऊन म्हणाले आणि यांचा खांदा ओढू लागले. यांनी कोपरानं त्यांना दूर लोटलं. आणि मग यांना खोकला आला.

रिकाम्या छातीनं एवढं फुंकलं तर कुणालाही येईल. मला आला असता, मुकादमाला आला असता. पण तो यांना आला. आणि भोवतीचे सगळे एक पाऊल मागे सरले. भाऊजी सरले. माझ्या हातातला चौकशीबाईंचा हातही सुटला. बाई सरल्या ते मी पाहिलं, आणि आपण सरलो हे त्यांनाही कळलं, कारण लगेच त्या होत्या तिथे परत आल्या. पण सरल्या.

चंबू एका बाजूला लोंबला, लांबला आणि जमिनीवर पडून तडकला. फुंकणी यांच्या हातात तशीच राहिली.

"मी कुणाला दोष देत नाही," मुकादम हळहळून म्हणाला. या वेळी तो खोटं बोलत नव्हता. त्याला दोष द्यायला कुणी उरलंच नव्हतं.

चौकशीबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "भावानं होकार दिला होता. तो पुढे आला होता. हे सगळ्यांनी पाहिलं, मी पाहिलं."

"हो."

"नकार तुमच्या यजमानांनी दिला."

"हो."

"मग मी काय लिहू? तक्रार आता कुणाविरुद्ध आहे, ते तरी सांगा."

मी आयुष्यभर खोट काढली. कुठल्या बाजूला बुडबुडा, कुणाच्या हातून झाला, कुणाच्या दमात काच जाड झाली, सगळं मला सांगता येतं. पण इथे फुली कुणावर मारू? त्या कारकुनाचं नाव सांगू? फाटका भाता म्हणणाऱ्याचं? पाठमोऱ्या भाऊजींचं? की तुमचंच सांगू बाई, आत्ता एक पाऊल मागे गेलात म्हणून? ते सगळे आता बाजूला झाले होते. यांना लांब ठेवायचं जे काम इतके दिवस ते करत होते ते माझा नवरा आता एकटाच करत होता, आणि त्या सगळ्यांपेक्षा चोख करत होता. मी बाईंना म्हटलं, "काही लिहू नका." त्या काही लिहिल्याशिवाय जाऊ शकत नव्हत्या. तक्रार मागे घेतली असं लिहिलं. यांच्या वतीनं मी सही केली.

हे कुणी न सांगताच मागच्या अंगणात गेले होते. मी गेले तर खाली बसून चंबूला पेंढा गुंडाळत होते. भाऊजी आणि त्यांच्या नव्या जोडीदाराचा चंबू, मीच पास केलेला. मी उभी राहून बघत राहिले.

"का नाही दिलीत?" मी विचारलं.

"वर बाळ आहे."

"बाळाला काही होणार नव्हतं. सांगितलं ना बाईंनी? डॉक्टरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यानं डोळे मिटले होते गं," ते म्हणाले. "उद्या बाळाला साधा ताप आला तरी ते डोळे मिटलेले मला दिसले असते. त्यालाही. तिलाही."

"आणि तुमचं काय? आयुष्यभर इथे पेंढा गुंडाळणार?"

त्यांनी दोरी दातानं तोडायला तोंडाकडे नेली, मग थांबले, आणि उठून कात्री शोधायला लागले. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दोरी लागणार होती म्हणून. तेव्हा माझा तोल गेला. अंगणात बांधणीची माणसं होती, फाटकाशी गाडीवाला होता, मला कशाचं भान राहिलं नाही.

"तुम्ही बरे झालायत!" मी ओरडले. "ऐकू येतंय का? तुम्हाला काही नाहीये! क्षय गेलाय, बरे झालायत तुम्ही!"

त्यांनी घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आले, पण हात लागणार नाही एवढं अंतर ठेवूनच थांबले.

"हळू बोल," ते म्हणाले. "लोक ऐकतील."